डेगीवरचा पत्ता

तांब्याच्या डेगीवर इंटरनेटचा पत्ता कोरून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्याच वाट्याला आला. एक डेग नव्हे, बेचाळीस. झाकणं वेगळी. कोरलेलं पुसता येत नाही हे मी त्यांना मागाहून सांगून पाहिलं. 'पुसायचं कशाला?' हे त्यांचं उत्तर.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, 'धंद्यातल्या गमतीजमती लिहा.' गमती त्यांना वाटतात. मी बावीस वर्षं श्रीरामपुरात दुकान मांडून लोकांना इंटरनेटवरचे पत्ते मिळवून दिले. पहिल्या दोन-तीन वर्षांतच माझ्या डोक्यावरचे केस निम्मे झाले. दुकान आधी टायपिंगचं, मग कॉम्प्युटर क्लासचं, म्हणून गाव मला 'बोरुडे सर' म्हणतं. माझी बायको मात्र पाहुण्यांना अजूनही 'हे कॉम्प्युटरचं काहीतरी करायचे' एवढंच सांगते.

तसा हा धंदा दोन मिनिटांत समजावता येतो, पण त्या दोन मिनिटांत समोरचा हमखास जांभई देतो. आपण मोबाईलवर एखाद्या दुकानाचं पान उघडतो तेव्हा वरच्या पट्टीत एक नाव दिसतं, मग टिंब आणि शेवटी एक शेपूट. हाच तो पत्ता. तो कुणाच्या मालकीचा नसतो, त्याचा सातबारा निघत नाही. बाजारतळावरच्या गाळ्यासारखा तो वर्षावर्षाच्या कराराने मिळतो. करार नवा केला नाही की गाळा दुसऱ्याला. शेपूट बहुतेक ज्या त्या देशाचं असतं. आपलं इंग्रजीतलं शेपूट सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या देशाला देवनागरीतही शेपूट आहे, 'भारत' असंच. तमिळमध्ये आहे, बंगालीत आहे, आणि अरबी वळणाच्या लिपीत तर तीन आहेत. एक उर्दूचं, एक सिंधीचं, एक काश्मिरीचं. हे सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, 'काय सांगता सर!' आणि इंग्रजीतलंच घेऊन जातं.

यातली मेख अशी, की या सगळ्या यंत्रणेला आतून फक्त इंग्रजी अक्षरं कळतात. म्हणून उर्दू नावाचं एक इंग्रजी रूप आतल्या आत करून ठेवलेलं असतं. सुरुवातीला एक्स, एन, मग दोन आडव्या रेघा आणि पुढे कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यावर उमटतील तशी अक्षरं. मोबाईल शहाणा असेल तर उर्दू दाखवतो, नसेल तर मांजराचे पाय. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मला उर्दू वाचता येत नाही. अलिफसुद्धा मला उभी रेघ म्हणूनच माहीत. गिऱ्हाइकानं मोबाईलवर लिहून पाठवायचं, मी उचलून फॉर्ममध्ये चिकटवायचं, 'झालं' म्हणायचं. असे अकरा पत्ते मी विकले. एकही वाचला नाही.

अकरापैकी दोन तर निव्वळ डोकेदुखी होती. कोपरगावचे एक गृहस्थ लोकांना मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला नेत. त्यांना आपलं 'भारत' नको, थेट सौदीचं अरबी शेपूट हवं होतं. म्हटलं, ते त्या देशाचं आहे, तिथल्या माणसाला किंवा तिथल्या कंपनीला मिळतं. ते म्हणाले, "आमी दरसाल तिथं जातो की. पंधरा-पंधरा दिस ऱ्हातो." त्यांचा हिशेब असा, की पत्त्याचं शेपूट मक्केकडचं दिसलं की ऑफिसही तिथंच आहे असं लोकांना वाटेल. मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा ते पासपोर्टची झेरॉक्स घेऊन आले. शेवटी आपल्या उर्दू 'भारत'वरच भागवलं.

दुसरे शेवगावकडचे डाळिंबवाले पाटील. घरात उर्दूचं अक्षर कुणाला येत नाही, पण माल दुबईला जातो म्हणून अरबी अक्षरांत पत्ता पाहिजे. म्हटलं, तुमचं नाव त्या लिपीत लिहून आणा. त्यांनी दुबईच्या व्यापाऱ्याकडून लिहून आणलं, मी चिकटवलं, पत्ता चालू झाला. दोन महिन्यांनी कळलं की व्यापाऱ्यानं पाटलांचं नव्हे, स्वतःचं नाव लिहून दिलं होतं. पाटील माझ्या दुकानात येऊन ओरडले, "तुमी वाचलं न्हाई व्हय?" मी म्हटलं, "तुम्ही वाचलंत?"

पण खरं सांगायचंय ते जब्बारचाचांचं.

जब्बारचाचा आमच्या शेजारच्या बेलापूरचे भटारी. भटारी म्हणजे निकाहाचा आणि वलीम्याचा, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीचा, स्वयंपाक करणारे. पाचशे माणसांचा दालचा-चावल असो की हजाराची बिर्याणी, पंचक्रोशीत दुसरं नाव घेत नाहीत. स्वयंपाकाबरोबर डेगीही भाड्यानं देतात. सत्तरी ओलांडलेली, दाढी मेंदीनं लाल, आवाज चुलीच्या धुरानं घोगरा. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. मराठी बोलतात अस्सल बेलापूरची, पण देवनागरी वाचता येत नाही आणि इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. दुकानात आले ते हातात सुनेनं बनवून आणलेलं कार्ड घेऊन. त्यावर इंग्रजीत एक पत्ता छापलेला.

"सर, ह्यो पत्ता माझाच हाय ना?"

"तुमचाच आहे, चाचा. तुमच्या सुनेनंच घेतला असेल."

"मंग मला का वाचता येत न्हाई?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"माझ्या घराच्या दारावर माझं नाव हाय, ते मला वाचता येतं. डेगीवर अब्बांचं नाव हाय, ते येतं. ह्यो एकलाच पत्ता असा, की लोक वाचतात आन् मी कार्ड धरून हुभा ऱ्हातो. मला माझ्या अक्षरात पायजे. रुखसाना म्हनली, तुमच्याकडं मिळतो."

रुखसाना ही सून. डी.एड. झालेली, घरातलं मोबाईलचं सगळं काम तिच्याकडे. पुढे अनेकदा मला वाटलं, त्या पोरीनं माझं नाव सांगितलं नसतं तर किती बरं झालं असतं.

मी त्यांना सगळे धोके समजावले. हा पत्ता लोकांना टाईप करता येणार नाही. काही मोबाईलवर मांजराचे पाय दिसतील. उजवीकडून डावीकडे लिहायचा असल्यामुळे छापखानेवाले टिंब आणि शेपूट भलतीकडे लावतील. (लावलंच. तीनदा कार्डं छापली, तिन्ही वेळा शेपूट पुढे आणि नाव मागे.) चाचा शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "लोकांनी टाईप कशाला करायचं? लोक फोन करतात. ह्यो पत्ता माझ्यासाठी हाय."

असलं गिऱ्हाईक धंद्यात नसावं. इंटरनेटचा पत्ता स्वतःला वाचता यावा म्हणून घेणारा माणूस! पण मनातून मला जरा गुदगुल्याही झाल्या. बावीस वर्षांत पत्ता असा कुणी मागितला नव्हता. सगळ्यांना आपल्या पत्त्यावर जग यायला हवं होतं, यांना तिथं स्वतःला जायचं होतं.

त्या भरात माझ्या हातून चूक झाली. पत्ता घेताना फॉर्ममध्ये मालकाचं ईमेल भरावं लागतं. कराराची मुदत संपत आली की सूचना त्यावरच येतात. शहाण्या माणसानं तिथं साधं इंग्रजी ईमेल भरलं असतं. मी म्हटलं, सगळंच उर्दूत होऊ दे, आणि चाचांना त्याच नव्या पत्त्यावरचं उर्दू ईमेल काढून दिलं आणि फॉर्ममध्येही तेच भरलं. माझ्या तेव्हाच्या पुरवठादाराचा फॉर्म ढिला होता, काहीही भरलं तरी चालायचं. घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप दाबावं तसं मी केलं, आणि वर स्वतःवर खूशही झालो. तरी बरं, मुदतींची वही माझ्याकडे होती. दरवर्षी मीच नवा करार करून टाकायचो, त्यामुळे त्या ईमेलची कधी परीक्षा झाली नाही. चार वर्षांत त्यावर एकच पत्र आलं. मीच पाठवलेलं, 'नमस्कार, चाचा' असं.

डेगींचं मला कळलं ते सहा महिन्यांनी. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत सगळ्यांच्यात आहे, पण भटाऱ्याच्या डेगीला ते नाव म्हणजे ओळखपत्रच. मोठ्या लग्नात चार ठिकाणच्या डेगी एकाच मांडवामागे येतात, घासून एकाच रांगेत पालथ्या पडतात, कल्हईवाल्याकडेही एकत्रच जातात. परत आणताना नाव वाचून आणायची. चाचांच्या डेगींवर त्यांच्या वडिलांचं नाव उर्दूत, काठाखाली. चाचांनी कोरणाऱ्याला बोलावून त्याखाली नवा पत्ता घालून घेतला. टिंबासकट, शेपटासकट. आणि त्या कोरणाऱ्यानं बरोबर घातला हे विशेष. जे छापखान्याला तीनदा जमलं नाही ते एका छिन्नीला जमलं.

मी कपाळाला हात लावला. "चाचा, तुमच्या वडिलांचं नाव कायमचं आहे. हा पत्ता वर्षाच्या कराराचा आहे!"

"मंग दर वर्साला करार करू की. तुमी हायेत ना?"

मी होतो खरा. पण धंदा राहिला नव्हता. जो तो स्वतःच्या मोबाईलवरून फुकटात पान उघडायला लागला. मधेच जिल्ह्याचं नाव बदललं आणि पत्त्यात जुनं नाव घेतलेली मंडळी रोज येऊन बसायला लागली की आता आमचं काय. गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं आणि माझी सगळी गिऱ्हाइकं एका मोठ्या कंपनीकडे सोपवली. मुदतीच्या सूचना कंपनी परस्पर गिऱ्हाइकाला पाठवणार, असं ठरलं. वही मी माळ्यावर टाकली. फार बरं वाटलं त्या दिवशी.

चाचा मात्र मला सोडायला तयार नव्हते. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचाच.

"सर, आपलं नाव हाय ना जाग्यावर?"

"आहे, चाचा."

"न्हाई, आपलं इचारलं."

मी कधी उघडून पाहायचो, कधी नाही. रमजान ईदच्या दिवशी फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ईद मुबारक झालं, शिरखुर्मा पाठवतो झालं आणि मग तोच प्रश्न. मी म्हटलं, "आहे, आहे, जागेवर आहे. काही काळजी करू नका." पुढचा घास घेतला. पाहिलं नव्हतं. तेच तेच विचारतात म्हणून वैतागलो होतो, एवढंच खरं कारण.

ईदनंतर आठवड्याभरात रुखसानाचा फोन आला. "सर, आपलं पान उघडत नाहीये. मला आधी आपल्याच मोबाईलचा दोष वाटला. शेजारच्यांच्याही मोबाईलवर बघितलं."

मी उघडून पाहिलं. पान नव्हतंच. मुदत संपून सव्वा महिना झाला होता. नियम असा, की मुदत संपली की काही दिवस मूळ माणसाला परत घ्यायची सवलत असते. तेही दिवस सरत आले होते. त्यानंतर नाव मोडीत निघतं, थोडे दिवस कुणाचंच नसतं आणि मग जो पहिला मागेल त्याचं. आणि मागायला माणसंच बसलेली असतात असं नाही. सुटलेली नावं उचलणारी यंत्रं असतात. भटारी म्हणजे काय, बेलापूर कुठं आहे, त्यांना काय पडलंय? उचलतात आणि स्वतःची पाटी लावून ठेवतात. म्हणजे उद्या बेचाळीस डेगींवर, वडिलांच्या नावाखाली, कुणा परक्याचा पत्ता. तोही न पुसता येणारा.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तो संवाद मला पाठ झालाय.

"सर, नूतनीकरणाची लिंक आम्ही तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवलेली आहे."

"ते ईमेल त्याच पत्त्यावरचं आहे. पत्ता बंद म्हणून ईमेल बंद."

"मग सर, आधी ईमेल चालू करून घ्या."

"त्याला पत्ता चालू लागतो."

"हो सर. त्यासाठी ईमेलवरच्या लिंकवर क्लिक करायचंय."

मी पाणी प्यायलो. "बरं, ताई, ते ईमेल बदलून माझं घाला."

"बदलाची परवानगी जुन्या ईमेलवरून यावी लागेल, सर."

"तुमच्यासमोर काय दिसतंय ते जुनं ईमेल?"

तिनं पडद्यावर पाहिलं. "सर, आमच्याकडे नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत. तुमचं ईमेल प्रश्नचिन्हांचं आहे का?"

तेव्हा उलगडा झाला. माझी गिऱ्हाइकं त्यांच्या यंत्रणेत ओतताना उर्दू अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली होती आणि सगळ्या सूचना इमानेइतबारे त्या प्रश्नचिन्हांना पाठवल्या गेल्या होत्या. सहा दिवस मी फोन करत होतो. सहा वेगळी माणसं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. एकानं मला विचारलं, "सर, तुम्ही इंग्रजीतलाच पत्ता का घेत नाही?" हे वाक्य मी स्वतः चार वर्षांपूर्वी चाचांना ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते फार आगाऊ वाटलं. सातव्या दिवशी सवलतीची मुदत संपली.

आता सांगायला जाणं भाग होतं. बेलापूरला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. एका वलीम्याच्या मांडवामागे चाचांच्या चुली पेटलेल्या, सात डेगी चढलेल्या. प्रत्येकीच्या काठाखाली तो पत्ता. इतके दिवस मला ती नक्षीच वाटायची. मी एका कडेला उभा राहून सुरुवात केली. मुदत संपली, कंपनीची गफलत झाली, कंपनीच्या यंत्रणेत उर्दू चालत नाही, कंपनीनं कळवलंच नाही. चाचा झारा हातात धरून ऐकत होते.

"किती दिस झाले?"

"दीड महिना होत आला."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. "म्हंजे ईदला मी फोन केला, तवा न्हवतं?"

"नव्हतं."

"तुमी तर म्हनले, हाय."

"मी पाहिलं नव्हतं, चाचा. न पाहताच म्हटलं. आणि ते ईमेलही मीच तसं भरलं होतं. कंपनीचं एवढंच, की त्यांनी माझी चूक पकडली नाही."

ते रागावतील, ओरडतील, असं वाटलं होतं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं डेगीकडे वळून झाकण उचललं, वाफ पाहिली, झाकण ठेवलं आणि निखारे सारखे करायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवून जा." मला इतकी शरम धंद्यात कधी वाटली नव्हती. मी जेवलो.

रुखसाना मला मोटारसायकलपर्यंत सोडायला आली. "सर, एक विचारू? दुसऱ्या कुणी घेतलं तर काय करायचं? रमजानचा महिना सोडला तर अब्बा रोज फजरच्या नमाजनंतर मोबाईल घेऊन बसतात. पान उघडतात, नाव वाचतात आणि बंद करतात. दुसरं काही बघत नाहीत. आठवडाभर मी त्यांना नेट नाही म्हणून सांगितलंय."

पुढचे दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. निवृत्त माणूस, सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी एका भटाऱ्याचं नाव सुटलं का ते बघत होतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा. बायकोनं विचारलं, "कुणाचा निकाल लागायचाय?" एका नातेवाइकाच्या साखरपुड्यात मी मोबाईल खाली ठेवेना, तेव्हा व्याह्यांनी शेअर बाजाराबद्दल सल्ला मागितला. कुणी उचललं तर चाचांना काय तोंड दाखवायचं, दुसरा विचारच नव्हता. उर्दू अक्षरांचे पत्ते कुणी घेत नाही म्हणून मी चार वर्षं कुरकुर केली होती. आता देवाला तेच मागत होतो, की कुणी घेऊ नये.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला नाव मोकळं दिसलं. घाईत मांजराच्या पायांचं ते इंग्रजी रूप मी दोनदा चुकीचं चिकटवलं. फॉर्म आला. नाव, गाव, पिन कोड. ईमेलच्या रकान्यात, माझी खोड बघा, मी पहिल्यांदा उर्दूच घालून पाहिलं. लाल अक्षरांत आलं, 'कृपया वैध ईमेल भरा.' वैध! त्या माणसाचं स्वतःचं नाव अवैध. मी त्या पडद्याला जी शिवी दिली ती दिवाळी अंकात छापता येणार नाही. मग मुकाट्यानं मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं, स्वतःचं ईमेल भरलं, स्वतःचा मोबाईल नंबर भरला आणि बटण दाबलं. मिळालं.

पडद्यावर वर उर्दूत ते नाव उमटलं आणि माझ्या लक्षात आलं, की हे तेच आहे की दुसरं, मला सांगता येत नाही. घरात मी एकटा, नाव माझ्यासमोर, आणि ते वाचायला कुणी नाही. मी फोटो काढून रुखसानाला पाठवला, करार आता माझ्या नावानं आहे हेही लिहिलं. तिचं उत्तर येईपर्यंतची पाच मिनिटं मी उभाच होतो. 'आमचंच आहे सर,' असं उत्तर आलं आणि मी खुर्चीत बसलो.

चाचांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढचे दोन महिने 'नाव हाय ना जाग्यावर' हा प्रश्न आलाच नाही. ज्या फोननं मी वैतागायचो, त्याची वाट बघायला लागलो. शेवटी रुखसानाचा निरोप आला, अब्बांनी बोलावलंय.

गेलो. अंगणात डेगी पालथ्या घातलेल्या, बेचाळीसच्या बेचाळीस. नुकती कल्हई झालेली होती. कोरणारा आपली छिन्नी-हातोडी पिशवीत भरत होता. चाचांनी मला पहिल्या डेगीपाशी नेलं. वर वडिलांचं नाव, खाली पत्ता, ते मला आता आकारावरून ओळखू येत होतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, ताजी, चकाकणारी. दुसऱ्या डेगीवरही. तिसरीवरही.

"हे काय नवीन?"

"तुमचं नाव."

मला वाटलं चेष्टा करतायत. "माझं? कशाला?"

"रुखसाना म्हनली, आता करार तुमच्या नावानं हाय. नोटीस तुमच्याकडं येनार. मंग नाव चुकलं, हरावलं, तर इचारायचं कुनाला? डेगीवर त्याचंच नाव घालत्यात."

"अहो पण चाचा, मी रिटायर झालोय! बेचाळीस डेगींवर? कायमचं?"

"कायमचं."

मी वाकून पाहिलं. उजवीकडून एक गाठ, दोन टिंबं, एक लांब शेपटी. यातलं 'बोरुडे' कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, काही पत्ता लागेना. हे माझं नाव असेल, नाही तर 'हा माणूस निष्काळजी' अशी शिवीही असेल, आणि ती पुढची पन्नास वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक लग्नात वाचली जाईल.

"हे माझंच नाव आहे कशावरून?" मी विचारलं.

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे सरळ बघत होते.

"सर, मी इचारायचो, नाव हाय का. तुमी म्हनायचे, हाय. मी कदी म्हनलो का, कशावरून? आता मी म्हनतोय, हाय. तुमी बी माना."

मी मानलं.